सापसुरळी : नावातले विष आणि नावातले औषध

पाऊस उघडला, कोवळे ऊन पडले की कुंडीच्या कडेला, पायरीच्या फटीजवळ किंवा गोठ्यामागच्या विटांवर एक तकतकीत, तपकिरी प्राणी अंग शेकत बसलेला दिसतो. आपली चाहूल लागली की सुक्या पाल्यातून सळसळ करीत क्षणात नाहीसा होतो. त्याची जेवढी झलक दिसते, तेवढ्यावरून तो साप वाटतो. कोणीतरी ‘साप, साप’ म्हणून ओरडते, कोणी काठी आणते आणि मेल्यावर लक्षात येते, की याला तर चार पाय आहेत. ‘सापसुरळी होती. पण बरे झाले मारली, सापापेक्षा जास्त विषारी असते,’ असे म्हणत मंडळी आत वळतात.

या वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा साफ चूक आहे. भारतात सापडणाऱ्या एकाही सापसुरळीला विष नाही. तिच्या तोंडात विषाचे दात नाहीत, कातडीत विष नाही, शेपटीत नाही आणि लाळेतही नाही. तरीही आपल्या देशातल्या अनेक भाषांनी तिला विषारी ठरवले आहे. दुसरीकडे भूमध्य समुद्रापासून इराणपर्यंतच्या लोकांनी तिच्याच भाईबंदांना विषावरचा उतारा आणि पौरुष वाढवणारे औषध मानले. एकाच कुळातल्या प्राण्याला एकीकडे विष आणि दुसरीकडे औषध ठरवणारी ही नावे नुसती मौजेची नाहीत. त्यांच्यामुळे माणसाच्या तब्येतीलाही धोका होतो.

ही आहे तरी कोण?

सापसुरळी हा सरड्या-पालींच्या गटातला सरपटणारा प्राणी आहे. इंग्रजीत या कुळाला ‘स्किंक’ म्हणतात. जगभरात या कुळाच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत आणि सरड्यांच्या सर्वांत मोठ्या कुळांत त्याची गणना होते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२० मध्ये देशातल्या सापसुरळ्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात भारतातल्या ६२ जातींची नोंद आहे आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जाती जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत.

आपल्या अंगणात, शेतात सर्वाधिक दिसते ती युट्रोपिस कॅरिनाटा. शेपटीसह साधारण वीतभर किंवा थोडी जास्त लांब, पाठ तपकिरी, दोन्ही अंगांना फिकट पट्टा. ग्रीक ‘ट्रोपिस’ आणि लॅटिन ‘कॅरिना’ या दोन्ही शब्दांचा अर्थ जहाजाच्या तळाला असणारा उभा कणा. तिच्या पाठीवरच्या प्रत्येक खवल्यावर अशाच बारीक उभ्या रेघा असतात, म्हणून शास्त्रज्ञांनी तिला हे नाव दिले. दुसरी एक जात बारीक, लांबट आणि अगदी आखूड पायांची आहे. अंगावर ठिपक्यांच्या रांगा असल्याने तिचे नाव रिओपा पंक्टाटा, म्हणजे ठिपकेवाली. १९७६ साली वर्णन झालेल्या एका जातीच्या नावात तर आपला शेजारी गोवाच आहे, रिओपा गोएन्सिस.

ही साप नाही, हे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. सापाला पापण्या नसतात, त्याचे डोळे सदैव उघडे असतात. आपल्या अंगणातली सापसुरळी डोळे मिटते आणि उघडते. सापाला बाहेरून कान दिसत नाही. तिच्या डोळ्यामागे कानाचे छिद्र दिसते. आणि अर्थात, पाय. पण याच शेवटच्या खुणेवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. ओडिशातल्या चिल्का सरोवरातील बरकुडा बेटावर बिनपायाची सापसुरळी आढळते. प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी १९१७ मध्ये तिचे वर्णन केले आणि बेटावरूनच तिला ‘बार्कुडिया’ नाव दिले. जमिनीत शिरून राहणाऱ्या काही सापसुरळ्यांचे पाय पिढ्यान्‌पिढ्या आखडत गेले आहेत. काहींना तीनच बोटे उरली, काहींचे पाय नाहीसेच झाले. तेव्हा आपले पूर्वज तिला सापाच्या नात्यात बसवायला निघाले, ते डोळ्यांना दिसले त्यावरूनच.

मावशी, राणी आणि मरण

मराठीत मांजर ही वाघाची मावशी, तशी सापसुरळी ही सापाची मावशी. हिंदीतही ‘सांप की मौसी’ हेच नाते. कन्नडमध्ये तिचे नाव ‘हावुराणी’. ‘हावु’ म्हणजे साप, त्यामुळे ऐकणाऱ्याला ती सापांची राणी वाटते. आपल्या ‘सापसुरळी’त ‘सुरळी’ आहे. कागदाची सुरळी किंवा सुरळीची वडी डोळ्यांपुढे आणली की तिचे गोल, गुळगुळीत, तुळतुळीत अंग लगेच आठवते. पण कानात आधी शिरतो तो ‘साप’.

मल्याळम आणि तमिळमध्ये गोष्ट आणखी पुढे गेली. तिथे तिला ‘अरणा’, ‘अरणै’ म्हणतात आणि ‘मरण’ हा शब्द त्याला नेमका यमक म्हणून जुळतो. अरणा चावली की मरण, अशी म्हण केरळात लहान मुलांनाही पाठ असते. मग प्रश्न येतो, की ही एवढी जहाल, तर तिच्या चाव्याने मेलेला माणूस कुणी पाहिला कसा नाही? त्यावरही लोकांनी उत्तर शोधले. अरणा विसराळू असते, चावायला निघते आणि वाटेतच विसरते! विसरभोळ्या माणसाला अरणाची बुद्धी आहे असे म्हणतात, ते त्यावरूनच. समजूत आणि अनुभव जुळेना, तेव्हा लोकांनी समजूत सोडली नाही. प्राण्यालाच विसराळू करून टाकले.

अशी समजूत टिकायचे आणखी एक साधे कारण आहे. सापसुरळी आणि साप एकाच जागी राहतात. दगडांचे ढीग, लाकडाची मोळी, कडब्याची गंज, पालापाचोळा. तिथे तिला झुरळे, नाकतोडे, कोळी, वाळवी असे खाद्य मिळते. आणि तिला खाणारे सापही तिथेच येतात. अशा ठिकाणी कुणाला साप चावला आणि साप निसटला, तर शोधाशोधीत सापडते ती सापसुरळी. दंश एकाचा, आळ दुसरीवर.

हलाहल आणि रांजणवाडी

संस्कृत कोशांत या नावांचा पसारा पाहण्यासारखा आहे. पालीसारख्या एका प्राण्याला तिथे ‘अंजनिका’ म्हटले आहे आणि त्याच प्राण्याचे दुसरे नाव आहे ‘हलाहल’. समुद्रमंथनातून निघालेले आणि शंकराने कंठात धरलेले ते हलाहल. विषाचे नाव प्राण्याला मिळाल्यावर त्याला निर्विष म्हणणार कोण?

कोशांतले तिसरे नाव ‘ब्राह्मणी’ आणि त्याच्या जोडीला ‘रक्तपुच्छिका’, म्हणजे लाल शेपटीची. हिंदीतली ‘बाम्हनी’ किंवा ‘बभनी’ ती हीच. लाल शेपटीचे वर्णन काल्पनिक नाही. वर उल्लेख आलेल्या ठिपकेवाल्या सापसुरळीच्या पिल्लांची शेपटी खरोखरच लालभडक असते. पाहणाऱ्याला तो धोक्याचा इशारा वाटतो, पण काम उलटे आहे. पक्षी किंवा साप झडप घालतो, तेव्हा त्याचे लक्ष डोक्याकडे न जाता त्या भडक शेपटीकडे जावे, ही ती योजना. शेपटी पकडली गेली की मणक्यांमध्ये आधीच असलेल्या कमजोर जागेवर ती तुटते, स्नायू आवळून रक्तवाहिन्या बंद होतात आणि तुटलेला तुकडा जमिनीवर वळवळत राहतो. शिकारी त्यात गुंतला की पिल्लू पसार होते. शेपटी पुन्हा उगवते, मात्र तिच्यात मणके नसतात, कूर्चेचा एक दांडा असतो. एकदा अवयव गमावल्यावर तो पुन्हा वाढवायचा कसा, हे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ सरड्या-पालींच्या शेपटीचा बारकाईने अभ्यास करतात, ते यामुळेच.

आता नावाचा आणखी एक अर्थ. हिंदी शब्दकोशात ‘बम्हनी’ पाहिले, तर लाल शेपटीच्या प्राण्याशेजारीच डोळ्याचा एक विकार सापडतो. पापणीवर येणारी पुळी, म्हणजे आपली रांजणवाडी. संस्कृतातही तेच. ‘अंजनिका’ हा प्राणी आणि सुश्रुताच्या नेत्ररोगांतली ‘अंजननामिका’ ही पापणीवरची पुळी. गुजरातीत रांजणवाडीला आजही ‘आंजणी’ म्हणतात. डोळ्यातले अंजन ‘अंजनिका’, ‘अंजननामिका’ आणि ‘आंजणी’ या शब्दांच्या मुळाशी आहे.

शब्द एकच असला की त्यामागे कारणही एकच असावे, असे मनाला वाटते. पण रांजणवाडीचा सापसुरळीशी, तिच्या दिसण्याशी किंवा स्पर्शाशी काही संबंध नाही. पापणीच्या कडेला असलेल्या बारीक तैलग्रंथीत बहुधा ‘स्टॅफिलोकॉकस’ या जिवाणूचा संसर्ग होतो आणि ती जागा सुजते. दिवसातून तीन-चार वेळा स्वच्छ, कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने दहा-एक मिनिटे शेकले, डोळा चोळला नाही आणि पुळी फोडली नाही, तर ती बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप बसते. सूज संपूर्ण पापणीवर पसरली, ताप आला, दिसायला त्रास होऊ लागला किंवा पुळी पुन्हापुन्हा येऊ लागली, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. वारंवार येणाऱ्या रांजणवाडीत रक्तातली साखर तपासणेही योग्य.

वाळूतला मासा

आपण तिला विषारी ठरवत होतो, तेव्हा दुसरीकडे तिच्या भाऊबंदांची औषध म्हणून विक्री होत होती. ‘स्किंक’ हा शब्द ग्रीक ‘स्किंकोस’वरून लॅटिनमध्ये आणि तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ स्किंकोस म्हणजे उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानच्या वाळवंटात राहणारी, वाळूत बुडी मारणारी सापसुरळी. (इंग्रजीत स्किंक नावाचे एक सूपही आहे. स्कॉटलंडमधल्या कलन गावचे, धुरी दिलेल्या माशाचे. पण त्या शब्दाचे मूळ पायाच्या नळीच्या मांसाशी जोडलेले आहे. सापसुरळीशी त्याचे नाते नाही.)

पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरायडिस याने लिहून ठेवले आहे, की या प्राण्याच्या मूत्रपिंडाजवळचा भाग मद्यातून घेतला की कामवासना प्रबळ होते आणि ती फार झाली तर मसुराचा काढा मधातून घ्यावा. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी त्याला विषावरच्या उताऱ्यांत मानाची जागा देतो. तो असेही सांगतो, की हे प्राणी खारवून आणले जातात आणि त्यांत सर्वांत मोठे भारतातले, त्याखालोखाल अरबस्तानातले. म्हणजे आपण ज्याला सापाची मावशी म्हणून झोडपतो, त्याच कुळातला भारतीय प्राणी रोमन लेखकाला सर्वांत मोठा म्हणून ठाऊक होता! पुढे युरोपात ‘मिथ्रिडेट’ नावाचे, सर्व विषांवर चालणारे म्हणून नावाजलेले मिश्रण शतकानुशतके बनवले गेले. त्यातल्या अनेक घटकांत वाळवलेल्या सापसुरळीचे पोटही असे.

अरबी हकिमांनी या प्राण्याला ‘सकनकूर’ म्हटले, फारसीत नाव पडले ‘रेगमाही’. ‘रेग’ म्हणजे वाळू, ‘माही’ म्हणजे मासा. या नावात मात्र उत्तम निरीक्षण आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेत डॅनियल गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने वाळूच्या आतली तिची हालचाल टिपली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाळूत शिरल्यावर ती पाय वापरतच नाही. ते अंगालगत दुमडून घेते आणि माशासारखी अंगाला नागमोडी वळणे देत पुढे सरकते. खरोखरचा वाळूतला मासा. आपल्या थरच्या वाळवंटातही अशी वाळूत पोहणारी एक सापसुरळी आहे.

पुडीतले ‘औषध’

रेगमाहीचे नाव युनानी औषधांबरोबर भारतात आले आणि आजही ते बाजारात ऐकू येते. वाळवलेला प्राणी किंवा त्याची पूड ‘मर्दानी ताकदी’साठी विकली जाते. रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या ‘सांडे के तेल’चीही तीच जाहिरात असते. ते तेल सापसुरळीचे नसते. राजस्थान-गुजरातच्या रखरखीत भागातल्या काटेरी शेपटीच्या सांडा सरड्याची चरबी वितळवून ते काढतात. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार हा सरडा संरक्षित आहे. त्याला पकडणे, मारणे आणि विकणे गुन्हा आहे.

या चरबीने किंवा पुडीने पौरुष वाढते, याला वैज्ञानिक आधार नाही. मग काही जणांना ‘गुण’ येतो तो कसा? एक कारण मनाचा विश्वास. दुसरे कारण अधिक काळजीचे आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांत अनेकदा आधुनिक औषध गुपचूप मिसळलेले असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००७ ते २०१६ या काळात ७७६ पूरक उत्पादनांत न सांगितलेली औषधे सापडली. त्यांतली ४५ टक्क्यांहून अधिक उत्पादने लैंगिक शक्तीसाठीची होती आणि त्यांत सर्वाधिक आढळले ते सिल्डेनाफिल.

सिल्डेनाफिल हे डॉक्टरांनी तपासून, मात्रा ठरवून दिले तर उपयुक्त औषध आहे. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या, म्हणजे नायट्रेट घेणाऱ्या हृदयरुग्णाने ते नकळत घेतले, तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकते. पुडीवर ते लिहिलेले नसते. त्यामुळे रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनाही काय घेतले होते ते कळत नाही आणि संकोचामुळे रुग्ण सांगत नाही.

याहून मोठे नुकसान वाया जाणाऱ्या वेळेचे आहे. पुरुषांमधली ताठरतेची तक्रार ही पुष्कळदा मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराची पहिली खूण असते. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे अडथळ्याचा परिणाम तिथे आधी दिसतो, हृदयावर काही वर्षांनी. ही तक्रार घेऊन जो माणूस डॉक्टरकडे जातो, त्याची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासले जाते आणि पुढचा हृदयविकाराचा झटका टळू शकतो. जो पुडीवाल्याकडे जातो, त्याची ती संधी हुकते.

सापाच्या मावशीला साप का बाधत नाही?

जुन्या वैद्यांनी सापसुरळीला विषाचा उतारा म्हटले, ते खाऊन उपयोग नाही हे खरे. पण तिच्या शरीरात सापाच्या विषाशी दोन हात करायची सोय मात्र निघाली. नाग किंवा मण्यारसारख्या सापांचे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना मिळणारा संदेश अडवते. स्नायूवर संदेश स्वीकारणारी एक जागा असते. विषाचा रेणू तिथे जाऊन बसतो आणि स्नायू लुळा पडतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिले, की तिथल्या अनेक सापसुरळ्यांमध्ये ही जागाच किंचित बदललेली आहे. कुलूप बदलले, त्यामुळे विषाची किल्ली बसत नाही. नागाच्या विषाला न जुमानणाऱ्या हनी बॅजर या प्राण्यातही असाच बदल आढळतो.

सापांची पिढ्यान्‌पिढ्या शिकार होत आलेल्या प्राण्यात असे बदल टिकून राहतात. या ज्ञानातून पुढे सर्पदंशावर अधिक चांगली औषधे घडवायला मदत होऊ शकेल. पण हा बदल तिच्या जनुकांत आहे. तिला वाळवून, कुटून, मद्यातून घेतल्याने तो आपल्या स्नायूंत येणार नाही.

अशीच दुसरी गोष्ट न्यू गिनी बेटावरच्या काही सापसुरळ्यांची. त्यांचे रक्त हिरवे असते. तांबड्या पेशी मोडल्यावर तयार होणारे बिलिव्हर्डिन हे हिरवे द्रव्य त्यांच्या रक्तात प्रचंड प्रमाणात साठलेले असते. आपल्या शरीरात पुढे त्यापासून बिलिरुबिन बनते आणि ते साचले की कावीळ होते. माणसाला जे प्रमाण सोसणार नाही, त्यात या सापसुरळ्या ठणठणीत जगतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे हिरवे रक्त त्यांच्यात स्वतंत्रपणे चार वेळा उत्क्रांत झाल्याचे दिसले. ते का झाले, हे उलगडले तर काविळीबद्दलची आपली समज वाढेल. सापसुरळीकडून औषध मिळायचेच असेल, तर ते पुडीतून नाही, अशा अभ्यासातून मिळेल.

चावली तर काय करायचे?

सापसुरळी आपणहून माणसावर धावून येत नाही. हातात धरली तर चिमटा काढल्यासारखी चावू शकते. तिचे दात बारीक असतात, कातडी बहुधा फुटतही नाही. जखम झालीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बरीच वर्षे झाली असतील, तर डॉक्टरांना विचारावे. रेबीजची भीती नको. तो सस्तन प्राण्यांचा आजार आहे, सरपटणाऱ्या प्राण्यांकडून होत नाही. मात्र त्यांच्या आतड्यांत साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात, म्हणून त्यांना हाताळल्यास हात धुवावेत. पाल किंवा सापसुरळी अन्नात पडली, तर ते अन्न टाकून द्यावे. कारण विष नाही, हे जिवाणू आहेत.

पण एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ‘सापसुरळी बिनविषारी’ हे कळल्यावर अंधारात, गवतात, लाकडांच्या ढिगात काहीतरी चावले आणि सळसळत गेले, तर ‘सापसुरळीच असेल’ असे मानून गप्प बसू नये. २०२० मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यांतली मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. काही वेळाने पोट दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो.

म्हणून चावणारा प्राणी डोळ्यांनी स्पष्ट दिसला नसेल, तर सर्पदंशच समजून चालावे. रुग्णाला धीर द्यावा, चालू-पळू देऊ नये. चावलेल्या हाता-पायाला फळी किंवा काठी बांधून तो हलणार नाही असे करावे. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत. करकचून दोरी बांधणे, जखमेवर चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे, मंत्र-तंत्रात वेळ घालवणे, यांतले काहीही करू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. त्या धडपडीत दुसऱ्यालाही दंश होतो.

घराभोवती सापसुरळी दिसली, तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे. झुरळे आणि वाळवी खाऊन ती आपलेच काम हलके करते. साप जवळ येऊ नयेत असे वाटत असेल, तर विटांचे ढीग, लाकडे आणि कचरा घरापासून दूर न्यावा, भिंतीतली बिळे बुजवावीत, रात्री बाहेर पडताना हातात विजेरी आणि पायांत बूट असावेत, जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. मावशीला काठीने मारून यांतले काहीच साधत नाही.